रायझन 5600 आणि आरटीएक्स 4060, आठ महिन्यांनंतर: एकट्या रॅम स्टिकने घातलेला घोळ

माझं गेमिंग मशीन: रायझन 5 5600 प्रोसेसर, बी550 मदरबोर्ड, आरटीएक्स 4060 ग्राफिक्स कार्ड, 1080पी 144 हर्ट्झचा मॉनिटर. ही जोडी सगळ्यांना माहीत आहे, स्पेक्स पुन्हा सांगत नाही. राग आहे तो रॅमचा. जुळवून दिलेल्या मशीनमध्ये ‘पुढे दुसरी टाकता येईल’ म्हणून 16 जीबीची एकच स्टिक, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारं सेटिंग, बंद. पैसे 3200 वेगाच्या (सेकंदाला 3200 दशलक्ष खेपा) रॅमचे घेतले, चालत होती 2133वर.

हिशेब करून बघा. डीडीआर4 प्रकारच्या रॅमचं एक चॅनल (प्रोसेसरकडे जाणारी वाट) एका खेपेला 8 बाइट नेतं. 2133ला एका स्टिकवर सेकंदाला जेमतेम 17 जीबी. 3200च्या दोन स्टिक्स दोन चॅनलवर लावल्या तर 51.2 जीबी. तिप्पट! शिवाय रायझनचं इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरचे भाग जोडणारी आतली वाट) रॅमच्याच वेगाशी बांधलेलं, म्हणजे प्रोसेसरही आतून मंदावतो.

लक्षणं मात्र फसवी. व्हॅलोरंट गेममध्ये सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) छान दिसतो, पण चार-पाच जण एकदम समोर आले की झटका बसतो. सुरुवातीला मी दोष कार्डाच्या 8 जीबी मेमरीला दिला. ते साफ चूक होतं. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरचा ओव्हरले (गेमवरच आकडे दाखवणारी पट्टी) लावा, व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाशी बांधणारं सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा काढा. कार्डाचा वापर 97-99 टक्के असेल तर कार्ड कमी पडतंय. तो 60-70वर रेंगाळत असेल तर प्रोसेसर किंवा रॅम मागे पडतेय. प्रोसेसरचा एकूण वापर 40 टक्के दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, प्रोसेसरच्या 12 थ्रेडपैकी (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगांपैकी) एखादाच तुडुंब भरलेला असू शकतो. खात्री करायची तर रिझोल्यूशन 720पी करा. एफपीएस हलला नाही तर कार्डाला बोल लावू नका.

सायबरपंक गेम रे ट्रेसिंगसह (प्रकाशाचा खराखुरा हिशेब करणारं जड सेटिंग) लावला की कार्डच 99 टक्क्यांवर जातं आणि रॅमची चूक झाकली जाते. म्हणून दुकानात असा डेमो बघून मशीन पास करू नका.

उपाय: 8 जीबीच्या दोन स्टिक्सचा एकत्र विकला जाणारा किट. जुनीला वेगळ्या कंपनीची जोड दिली तर ती 3200वर स्थिर राहीलच असं नाही. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा. एक्सएमपी (काही बोर्डांवर डीओसीपी) चालू करून सेव्ह करा. पहिल्यांदा स्क्रीन बराच वेळ काळी राहू शकते, लगेच बटण दाबून बंद करू नका. सीपीयू-झी या सॉफ्टवेअरमध्ये 1600च्या आसपास आकडा दिसेल, तो बरोबर आहे. डीडीआर रॅम एका ठोक्याला दोन खेपा करते, म्हणून दुप्पट धरायचा.

पैसे कुठून काढायचे? पॉवर सप्लायमधून. कार्ड 115 वॉटचं, 5600 मूळ सेटिंगला 76 वॉटपर्यंत जातो. चांगला 550 वॉटचा पुरतो, 750चा आग्रह झाला तर ऐकू नका. रायझन 5 5500 हा स्वस्त प्रोसेसर घेऊन मात्र बचत करू नका. त्याची एल3 कॅश (प्रोसेसरमधली वेगवान मेमरी) निम्मी, 16 एमबी, आणि कार्डाला जोडणारी पीसीआयई वाट जुनी, 3.0. 4060ला त्या वाटेच्या लेन आठच, त्यामुळे तिथला वेगही निम्मा होतो.

कार्डाच्या 8 जीबीबद्दलची तक्रार नव्या गेम्सच्या अल्ट्रा टेक्स्चरला (पृष्ठभागांच्या सर्वात बारीक चित्रांना) खरी ठरते. मी टेक्स्चर एक पायरी खाली ठेवतो, 1080पीवर फरक जाणवत नाही. बायोस अपडेट केल्यावर एक्सएमपी पुन्हा बंद होतं. परत झटके सुरू झाले तर आधी तिथे बघा.