केर्न्सची सहल : जळगावात आखलेली, तिथे जाऊन दुरुस्त केलेली

एजंटाने दिलेल्या कागदावर ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स या गावासाठी एवढंच होतं : "दिवस चौथा. समुद्रकिनारी हॉटेल. सकाळी हॉटेलसमोर बीचवर पोहणे. दुपारी ग्रेट बॅरियर रीफ. दिवस पाचवा. सकाळी कुरांडा रेल्वे व जंगल, सायंकाळी विमान." जळगावातलं ऑफिस चकचकीत, चहा चांगला, माणूसही बोलायला गोड. नाव लिहीत नाही, कारण मला त्याच्याशी भांडायचं नाही. पण सावदा-फैजपूर-रावेर भागातून मुलाबाळांकडे ऑस्ट्रेलियाला जाणारे आता कमी राहिले नाहीत, आणि तिकडे गेलंच आहे तर रीफ, म्हणजे समुद्रातली पोवळ्यांची रांग, बघून येऊ असं प्रत्येकाला वाटतं. असा कागद हातात पडला तर काय करायचं, ते मला सांगायचं आहे.

त्या दोन दिवसांतली पहिली चूक म्हणजे हॉटेलसमोर बीच नाही. समुद्र आहे, नारळाची झाडं आहेत, सुंदर लांबलचक रस्ता आहे, पण भरती ओसरली की समोर नुसता चिखल उघडा पडतो. त्यावर पक्षी चरत असतात आणि काठाला मगरींची पाटी. खाऱ्या पाण्यातली मगर तिथे खरोखर असते, पाटी शोभेची नाही. गावाने त्यावर उपाय म्हणून 2003 साली किनाऱ्यालगत खाऱ्या पाण्याचा मोठा तलाव बांधला. 4,800 चौरस मीटरचा, फुकट, जीवरक्षक बसलेले. आमचा नातू तिथून बाहेर यायलाच तयार नव्हता. खरा वाळूचा किनारा हवा असेल तर गाडीने उत्तरेला ट्रिनिटी बीच किंवा पाम कोव्हला जावं लागतं, अर्धा तास धरा. (गावाचं नाव तिकडची माणसं 'कॅन्स' असं काहीसं उच्चारतात. टॅक्सीवाल्याला 'केर्न्स' म्हटलं तर तो दोनदा विचारतो.)

दुसरी चूक जास्त गंभीर होती आणि ती ब्रिस्बेनला मुलाच्या लक्षात आली. त्याला सिलिंडर लावून खोल बुडी मारायची होती. तशी बुडी मारल्यावर निदान अठरा तास, शक्यतो पूर्ण दिवस, विमानात बसायचं नसतं. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि वर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. डोंगरावर चढायचं तरी बुडी मारणाऱ्याने आधी विचारून घ्यावं लागतं. कागदावर मात्र बुडी दुपारी आणि डोंगर, म्हणजे कुरांडा, दुसऱ्या सकाळी. एजंटाला हे माहीत नसेल तर त्याने विचारायला हवं होतं. पैसे आम्ही त्याला त्याचेच दिले होते.

मग मुलाने आणि मी टेबलावर कागद घेऊन सगळं नव्याने मांडलं. दोनाचे पाच दिवस केले. पहिला दिवस गावात आणि तलावावर, दुसरा रीफचा, तिसरा मुद्दाम मोकळा, चौथा कुरांड्याचा, पाचवा डेन्ट्रीच्या जंगलाचा. मोकळा दिवस सुनेला पटत नव्हता, पण समुद्राला वारा सुटला तर बोट पुढे ढकलता यावी म्हणून तो ठेवलाच.

आम्ही ऑगस्टमध्ये गेलो. तिकडे हा कोरडा हंगाम, हवा आपल्या डिसेंबरसारखी, थोडी उबदार. पाऊस डिसेंबर ते मार्च पडतो आणि चक्रीवादळंही तेव्हाच. नोव्हेंबर ते मे पाण्यात विषारी जेलीफिश असतात. त्यातली इरुकांजी नावाची तर नखाएवढी, दिसतही नाही. किनाऱ्यावर म्हणून व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, दंश झाला की आधी ते ओतायचं. आपल्याकडे शाळेला सुट्टी मे महिन्यात, म्हणून आपली माणसं मेमध्येच निघतात. मेअखेरीला गेलात तर चालेल. जानेवारीत स्वस्त मिळतंय म्हणून जाऊ नका.

ऑगस्टचा एक तोटा मात्र आहे, वारा. बोट दीड-पावणेदोन तास बाहेरच्या रीफकडे जाते आणि त्यातला अर्धा वेळ चांगली हलते. मी आल्याचा तुकडा तोंडात धरून मागच्या बाजूला, मधोमध, क्षितिजाकडे बघत बसले. मला काही झालं नाही. यांनी निघण्याआधी दशमी आणि ठेचा पोटभर खाल्ला होता, त्यांना झालं. बोटीवरच्या मुलींनी बर्फ आणि कागदी पिशवी आणून दिली, पाठीवरून हात फिरवला, कोणी नाक मुरडलं नाही. या बोटीला मी पाचपैकी पाच देते ते इथून सुरू होतं.

एका माणसाचे अडीचशे डॉलरच्या आसपास लागले. जेवण, मुखवटा, पायातले पंख, अंगातला सूट सगळं त्यातच. रीफजवळ एक मोठा तरंगता मचाण नांगरून ठेवलेला असतो, तिथे बोट लागते. ज्यांना पाण्यात उतरायचंच नाही त्यांच्यासाठी खाली काचा लावलेली बुटकी बोट आहे. तिच्यात बसून पोवळी दिसतात, कपडेही भिजत नाहीत. मी तेवढंच करणार होते. सत्तावन्न वर्षांत मी तापीच्या पाण्यात कमरेच्या वर गेले नाही. आणि खरं सांगायचं तर घालायचं काय हाच मोठा प्रश्न होता. तो त्या सूटने सोडवला. जेलीफिशसाठी केलेला तो पातळ काळा सूट गळ्यापासून घोट्यापर्यंत असतो, टोपीसकट. ऑगस्टमध्ये त्याची सक्ती नव्हती, पण मागितला की देतात. माझ्या वयाच्या बायकांनी एवढ्या एका कारणासाठी रीफ सोडू नये म्हणून हे लिहिते आहे.

हे त्रेसष्ट वर्षांचे, त्यात बीपीची गोळी चालू. साठीच्या पुढच्यांना एक फॉर्म भरावा लागतो, खरं खरं लिहायचं. यांना वेगळ्या रंगाचं तरंगणारं जॅकेट दिलं, म्हणजे वरून पहारा करणाऱ्याचं लक्ष राहतं. त्यांना ते आवडलं नाही. मला फार आवडलं. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांचं इंग्रजीत लिहिलेलं पत्र इथूनच घेऊन जा.

एका मुलीने मला पायरीवर बसवलं, काखेखाली फोमची लांब नळी दिली आणि म्हणाली, फक्त चेहरा पाण्यात घाला, बाकी काही करू नका. मी घातला. पहिल्यांदा फक्त माझाच श्वास ऐकू आला, नळीतून घरघर. मग खाली नजर गेली. हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, टोकाला निळसर. त्यांच्या आतबाहेर बोटाएवढे मासे, एकदम वळणारे, सगळे मिळून. एक मोठा हिरवा-गुलाबी मासा पोवळं कुरतडत होता आणि ते कुरतडणं ऐकू येत होतं, वाळलेली भाकर मोडावी तसं. त्याला पॅरटफिश म्हणतात. तो पोवळं चावून त्याची वाळू करतो. मी अर्धा तास होते म्हणे. मला पाच मिनिटं वाटली.

जेवणानंतर एका तरुण शास्त्रज्ञाने माहिती दिली. पोवळं हा बारीक प्राण्यांचा समूह. त्यांच्या अंगात शेवाळ राहतं, तेच त्यांना रंग देतं आणि बहुतेक अन्नही. पाणी फार तापलं की प्राणी ते शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. तापमान लवकर उतरलं तर वाचतो, नाहीतर मरतो. 2016, 2017, 2020, 2022, 2024 असा मोठ्या प्रमाणावर पांढरा पडण्याचा हिशेब त्याने सांगितला. हे माझ्याकडे बघून म्हणाले, मेच्या उन्हात बाग करपते तसंच की. तसंच आहे. फरक इतका की आपण बागेला पाणी देऊ शकतो. आम्ही पाहिलं तिथेही काही भाग राखाडी, शेवाळ चढलेले होते. फोटोतल्यासारखं सगळं रंगीत असेल असं समजून जाऊ नका, पण जे जिवंत आहे ते बघायला जा.

कुरांड्याबद्दल थोडक्यात. माझे वडील भुसावळला रेल्वेत होते, त्यामुळे ती गाडी मला बघायचीच होती. 1886 ला काम सुरू झालं, 1891 ला गाडी वर पोहोचली, पंधरा बोगदे, बहुतेक काम कुदळ-फावड्याने. जाताना रेल्वेने जा आणि येताना जंगलाच्या शेंड्यांवरून साडेसात किलोमीटर येणाऱ्या केबलच्या पाळण्यातून या. वरचा बाजार मला सामान्य वाटला, तिथे खरेदीत वेळ घालवू नका.

डेन्ट्रीला मात्र अख्खा दिवस द्या. केर्न्सपासून केप ट्रिब्युलेशन एकशेचाळीस किलोमीटरच्या आसपास. मध्ये नदी तारेवर ओढल्या जाणाऱ्या तराफ्यावरून गाडीसकट ओलांडायची. पलीकडे मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवा आणि पेट्रोल अलीकडे भरा. जगातल्या सर्वांत जुन्या पावसाळी जंगलांपैकी हे एक. 2021 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान तिथल्या मूळच्या ईस्टर्न कुकू यलंजी लोकांना परत देण्यात आलं. जाताना मॉसमनच्या घळीत थांबलो. गोटे स्वच्छ, पाणी थंडगार, सातपुड्यातल्या ओढ्यांची आठवण झाली. कॅसोवरी हा उडता न येणारा मोठा पक्षी दिसला नाही, त्याच्या पाट्याच दिसल्या. केप ट्रिब्युलेशनला जंगल वाळूपर्यंत येऊन थांबतं आणि समोरच्या पाण्यात रीफ. आम्ही तिथे फार बोललो नाही.

आता एजंटाने अजिबात न सांगितलेली गोष्ट, शेतकऱ्याच्या घरासाठी सगळ्यांत महत्त्वाची. ऑस्ट्रेलियात उतरताना कार्डावर प्रश्न असतो : गेल्या तीस दिवसांत शेतावर गेला होता का? आम्ही 'हो' लिहिलं. सुनेने परसबागेत लावायला भरिताच्या वांग्याचं बी मागितलं होतं. मी ते पुडीत घेतलं होतं आणि तेही लिहिलं. अधिकाऱ्याने पुडी काढून घेतली. लिहिलं होतं म्हणून दंड नाही, रागावणंही नाही. ज्वारीच्या बिबड्या पाहिल्या, विचारलं, परत दिल्या. मग यांचे बूट उलटे केले. तळव्याच्या खाचेत आपल्या शेताची काळी माती होती. बूट आत नेले आणि धुऊन, ओलेच परत आणून दिले.

हे तेव्हा जरा दुखावले होते. समजलं ते मोकळ्या दिवशी. रीफ ठरल्या दिवशीच झाल्यामुळे तो दिवस हातात होता, आणि हे म्हणाले केळी बघू. गाडीने दक्षिणेला इनिसफेल, तिथून टली. ऊस संपला की केळीच केळी, घडांवर पिशव्या चढवलेल्या. "हे तं आपल्यासारखीच केयी हाये!" असं म्हणून यांनी गाडी थांबवायला लावली. त्या देशातली बहुतेक केळी याच पट्ट्यात होतात. 2006 च्या लॅरी वादळाने बागा झोपल्या तेव्हा देशभर केळी महागली होती. पाऊस वर्षाला चार मीटरच्या आसपास, आपल्या पाचपट तरी. टलीच्या चौकात पावसाळी बुटाचा पुतळा आहे, 7.9 मीटर उंच, 1950 साली तिथे पडलेल्या पावसाएवढा.

बागेच्या फाटकाला पाटी होती : थांबा, आत येऊ नका. 2015 मध्ये टलीच्या भागात पनामा या केळीच्या बुरशीजन्य रोगाची टीआर-4 ही जात सापडली. मातीतून, बुटाच्या तळव्यातून पसरते, एकदा शिरली की ती जमीन केळीला कायमची गेली. बिहारमध्ये ती आली आहे. आपल्याकडे सीएमव्ही या विषाणूच्या रोगाने केळीची झाडं उपटून फेकावी लागली ती वर्षं यांच्या डोळ्यांपुढे असणार. फाटकाबाहेर दोन हात मागे घेऊन हे बराच वेळ उभे राहिले. आत पाऊल टाकलं नाही.

परत आल्यावर मी जळगावला त्या ऑफिसात गेले आणि पाच दिवसांचा माझ्या अक्षरातला कागद त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने नीट वाचला, झेरॉक्स काढून घेतली. पॅकेजचे न वापरलेल्या रात्रीचे पैसे अजून आलेले नाहीत, म्हणून त्याच्या सेवेला मी दोनच तारे देते. आले की तीन करीन.

दिवाळीनंतर फैजपूरच्या आमच्या विहीणबाई निघणार होत्या. त्यांना पुढच्या जूनपर्यंत थांबा म्हटलं आहे. बूट नवे घ्या, तेही सांगितलं.