सायपायचं ‘स्क्यू’: हिशोब चोख, डिफॉल्ट जपून

लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या कांदा-दरांची फाइल पायथनमध्ये उघडली की स्क्यूनेस (भावांचा पसारा सरासरीच्या कोणत्या बाजूला लांब शेपटासारखा ताणला आहे ते सांगणारा आकडा; उजवीकडे असेल तर अधिक, डावीकडे असेल तर उणे) काढायला दोन सोपे मार्ग आहेत: पायथनच्या दोन लायब्ररी, म्हणजे सायपायचं स्टॅट्स.स्क्यू आणि पांडाजचं .स्क्यू(). दोन्ही फुकट, दोन्ही वेगवान. तरी एकाच कॉलमवर उत्तरं वेगळी येतात, आणि नवख्यांची गाडी इथेच अडते.

समजा पाच दिवसांचे भाव क्विंटलला ११००, १२००, १३००, १४०० आणि २००० रुपये आहेत. सायपाय १.१४ सांगतं, पांडाज १.७०. चूक कोणाचीच नाही. सायपायमध्ये ‘बायस’ हा पर्याय आपण काही न सांगता (डिफॉल्ट) ट्रू असतो, म्हणजे नमुना लहान असल्याची दुरुस्ती होत नाही. पांडाज ती आपणहून करतं. बायस=फॉल्स दिलं की दोन्ही आकडे जुळतात. पाच नोंदींना हा फरक जवळजवळ दीडपट, तीस नोंदींना पाच टक्के, हजार नोंदींना नगण्य. अहवालात कोणता पर्याय वापरला ते लिहा, नाहीतर तुलना फोल.

खरा घात होतो तो सुट्टीच्या दिवसाचा. लिलाव बंद असताना भावाच्या रकान्यात शून्य भरलेलं असतं. वरच्या पाच भावांत एक शून्य मिसळलं की सायपायचं १.१४ थेट उणे ०.७८ होतं! शेपूट उजवीकडची डावीकडे गेली, आणि बाजारात काहीच घडलेलं नाही. शून्यं आधी ‘नॅन’ (म्हणजे ‘आकडा नाही’ अशी रिकामी नोंद) करा. मग पांडाज ती गुपचूप वगळतं; सायपाय मात्र अख्खं उत्तरच नॅन देतं, तिथे नॅन_पॉलिसी=‘ऑमिट’ लागतं. ‘१,४००’मधल्या स्वल्पविरामामुळे कॉलम मजकूर म्हणून वाचला जातो; फाइल वाचणाऱ्या पांडाजच्या रीड_सीएसव्हीत थाउजंड्स=‘,’ द्या.

लाल आणि उन्हाळ कांदा एकाच कॉलममध्ये असेल तर स्क्यूनेस काढूच नये. दोघांचे भाव वेगळे असले की आलेखाला दोन उंचवटे येतात आणि ते एका आकड्यात मावत नाहीत; आधी हिस्टोग्राम (कोणत्या भावाच्या किती नोंदी ते दाखवणारा स्तंभालेख) बघा.

स्क्यूनेस निव्वळ योगायोगाची आहे का ते तपासणारा सायपायचा स्क्यूटेस्ट हा जोडीचा फंक्शन किमान ८ नोंदी मागतो आणि नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरून चालतो. आजचा भाव कालच्याला धरूनच निघतो, त्यामुळे त्याच्या पी-व्हॅल्यूवर (योगायोगाची शक्यता सांगणाऱ्या आकड्यावर) भिस्त नको.

बाजारनिहाय आकडे हवेत तर पांडाजच बरं: ग्रुपबायने बाजारांप्रमाणे गट पाडा, पुढे .स्क्यू(), झालं. सायपायमध्ये मुळात ॲक्सिस=० असतं, म्हणजे हिशोब प्रत्येक उभ्या रकान्याचा होतो; तारखा आडव्या मांडल्या असतील तर तो बाजारांऐवजी रोजच्या भावांची स्क्यूनेस काढून देतो, आणि एररही दाखवत नाही.