मध, अडुळसा की ज्येष्ठमध? कोकम तेल की खोबरेल? घरात काय ठेवावं याचा आढावा

थंडी पडायला लागली की घरोघरी दोन तक्रारी सुरू होतात: रात्रीचा खोकला आणि फुटलेल्या टाचा. दोन्हींवर घरचे उपाय इतके सांगितले जातात की नवा संसार मांडलेल्या माणसाने नेमकं काय आणून ठेवावं, हे कळेनासं होतं. काष्ठौषधींच्या दुकानात गेलात तर दुकानदार सगळंच पुड्यांत बांधून देईल. सगळं लागत नाही. आणि 'झाडपाल्याचं आहे, अपाय तर नाही ना' एवढ्या भरवशावर तर काहीच घेऊ नये, कारण यातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तू घरातल्या कुणाला ना कुणाला वर्ज्य आहे. म्हणून मी निवड उलट्या टोकाने करते. घरात तान्हं बाळ आहे का, बीपीची गोळी घेणारं कुणी आहे का, मधुमेह कुणाला आहे, कुणाला दिवस गेलेत का, हे आधी. औषध मग.

खोकला: मधाचा नंबर पहिला

सर्दीनंतर राहिलेला, दिवसभर गप्प आणि रात्री पाठ टेकली की उसळणारा कोरडा खोकला असेल, तर मी डोळे मिटून मध घेईन. याला आजीच्या शब्दापलीकडेही आधार आहे. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात १०५ मुलांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. काहींना झोपण्याआधी अर्धा तास मध दिला, काहींना मधाच्या चवीचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे नेहमीचं खोकल्याचं औषध आणि काहींना काहीच नाही. आईवडिलांनी दिलेल्या गुणांत मध सर्वांत वर राहिला. औषध मात्र 'काहीच नाही'पेक्षा फारसं पुढे गेलं नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत साध्या खोकल्यासाठी मधाचं नाव घेतलं आहे. त्या अभ्यासातलं प्रमाणही लक्षात ठेवण्यासारखं: २ ते ५ वर्षांना अर्धा चहाचा चमचा, ६ ते ११ वर्षांना एक, त्याहून मोठ्या मुलांना दोन. मध चाटायचा आणि घशावर राहू द्यायचा. लगेच वर पाणी प्यायचं नाही.

आता वर्ज्य कुणाला. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, बोटभरसुद्धा नाही. जन्मल्याबरोबर सोन्याच्या अंगठीने मध-तूप चाटवण्याची रीत अजून कित्येक घरांत आहे आणि तिथे सुनेचं कुणी ऐकत नाही, हे मला माहीत आहे. पण मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही, तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. बाळाचे स्नायू लुळे पडतात. मध उकळल्यानेही हे बीजाणू मरत नाहीत. या एका बाबतीत सासूबाईंशी वाईटपणा घ्यावा लागला तरी घ्यावा.

मधुमेह असेल तर मध म्हणजे साखरच धरायची. चहाच्या एका चमच्यात पाच-सहा ग्रॅम साखर जाते. एखाद्या रात्री चमचाभर घेतल्याने आभाळ कोसळणार नाही, पण रोज सकाळी कोमट पाण्यात मध घेऊन 'वजन उतरतंय' म्हणणाऱ्या मधुमेहींनी एकदा साखर मोजून बघावी.

आणि मध खरा कसा ओळखायचा? इथे जरा थांबते, कारण सगळे उपाय या एका गोष्टीवर उभे आहेत. पाण्यात थेंब टाकून बघणं, वात भिजवून पेटवणं, अंगठ्यावर थेंब ठेवणं हे घरचे प्रयोग आजच्या भेसळीपुढे निकामी आहेत. २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने १३ ब्रँडचा मध तपासून घेतला; २२ नमुन्यांपैकी फक्त ५ सगळ्या चाचण्यांत उतरले. तांदळापासून वगैरे बनवलेले साखरेचे पाक त्यात मिसळलेले होते, आणि हे पाक नेहमीच्या तपासणीतही सापडू नयेत असेच बनवलेले असतात. मग वातीने काय सापडणार?

त्याउलट, बरणीत तळाशी रवाळ झालेला मध लोक 'साखर बसली, भेसळ आहे' म्हणून टाकून देतात. मधातलं ग्लुकोज थंडीत गोठतं, एवढंच. बरणी कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. थेट गॅसवर मात्र तापवू नका; त्याने मधातली विकरं नष्ट होतात. काढ्यातही मध घालायचा तो काढा पिण्याइतका निवल्यावर.

मध कुठून घ्यावा, तर उगम सांगू शकेल अशा ठिकाणाहून. महाबळेश्वरच्या परिसरात सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवणाऱ्यांची जुनी परंपरा आहे आणि तिथलंच मांघर हे गाव २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. जांभळाच्या फुलोऱ्याचा मध गडद आणि मागून किंचित तुरट लागतो. बाराही महिने एकाच रंगाचा, एकाच चवीचा मिळणारा मध मला तरी संशयास्पद वाटतो.

अडुळसा: कफ असेल तरच

मधाचं काम घसा शांत करण्याचं. छातीत घट्ट कफ बसलाय, खोकून खोकून बरगड्या दुखतात आणि काही सुटत नाही, तिथे अडुळसा जास्त योग्य. त्याच्या पानात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं, आणि कफ पातळ करायला डॉक्टर जे ब्रोमहेक्सिन लिहून देतात त्याची कल्पना याच व्हॅसिसिनवरून आली. म्हणजे परसातल्या कुंपणाचा आणि औषधाच्या दुकानातल्या बाटलीचा इथे थेट संबंध आहे.

ताजा रस काढायचा तर पानं नुसती वाटून फार काही हाती लागत नाही. पान चिवट असतं. पाच-सहा पानं धुऊन मंद तव्यावर टाकायची, ती मरगळून काळपट हिरवी झाली की गरम असतानाच फडक्यात घालून पिळायची. जेमतेम चमचाभर दाट, हिरवट रस येतो. तो इतका कडू की शेळ्याही या झुडपाला तोंड लावत नाहीत, म्हणून तर त्याचं कुंपण करतात. तेवढाच मध घालून घ्यायचा.

गरोदरपणात अडुळसा अजिबात नको, व्हॅसिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावू शकतं. बाजारातल्या अडुळशाच्या सिरपमध्ये साखर भरपूर असते, तेव्हा लेबल वाचूनच घ्या. कोरड्या खोकल्याला अडुळसा देऊन काही साधत नाही असं माझं मत. तिथे मध पुरतो.

ज्येष्ठमध: उत्तम, पण आजोबांना नको

घसा खवखवणं, आवाज बसणं यावर ज्येष्ठमधाची काडी गालात धरून ठेवायची. गवई आणि शिक्षक मंडळींच्या खिशात ती असतेच. भूल देण्याआधी ज्येष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या करून घेतल्यावर, घशात नळी घातल्यामुळे होणारी दुखी कमी झाली, असं छोट्या वैद्यकीय अभ्यासांत दिसलं आहे. काडी स्वस्त, टिकाऊ, आणि मधुमेह्यालाही मधापेक्षा सोयीची, कारण तिचा गोडवा साखरेचा नसून ग्लायसिरायझिनचा असतो.

अडचण त्या ग्लायसिरायझिनचीच आहे. ते रोज पोटात गेलं की शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब चढतो. बीपीचं किंवा हृदयाचं औषध चालू असेल, विशेषतः लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल, तर ज्येष्ठमध चघळणं बंद. गरोदरपणातही नको. बाकी निरोगी माणसाने चार-आठ दिवस काडी धरली तर हरकत नाही. महिनोन्महिने सवय म्हणून नको.

काढा आणि चूर्णं

तुळस, आलं, मिरी, गवती चहा, दालचिनी घातलेला काढा घशाला बरा वाटतो, यात गरम पाण्याचा आणि वाफेचा वाटा मोठा आहे. दिवसातून एकदा कपभर ठीक. २०२०च्या करोनाकाळात आयुष मंत्रालयाने काढा सुचवला आणि लोकांनी तो दिवसातून चारचारदा ढोसून वर पित्ताची तक्रार सुरू केली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

सितोपलादी चूर्णाबद्दल एकच सांगते. त्यातलं प्रमाण ठरलेलं आहे: खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. म्हणजे निम्म्याहून अधिक साखर, आणि तीही मधात कालवून. मुलं आवडीने चाटतात ती उगाच नव्हे. मधुमेह्याने हे 'आयुर्वेदिक आहे' म्हणून पथ्यातून वगळू नये.

निलगिरीचं तेल आणि कापूर लहान मुलांच्या आवाक्यात ठेवू नका. पोटात गेले तर झटके येऊ शकतात.

एवढं करूनही खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर घरचे उपाय थांबवायचे. सरकारी दवाखान्यात क्षयाची थुंकी-तपासणी फुकट होते. ताप, धाप, रक्त यांतलं काही असेल तर तेवढीही वाट बघायची नाही.

टाचा: कोकम तेल विरुद्ध खोबरेल

खोबरेल घरात असतंच, मग कोकम तेल कशाला वेगळं आणायचं, असा प्रश्न येतो. याचं उत्तर तापमानात आहे. खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं. कातडीवर पडताक्षणी ते पातळ होतं, पसरतं आणि अर्धं पांघरुणाला लागतं. कोकमाच्या बियांचं तेल चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे अंगाच्या उष्णतेलाही पुरतं विरघळत नाही. भेगेत सोडलं की ते तिथेच थिजतं आणि रात्रभर बुच बसल्यासारखं राहतं. टाचेसाठी हवं ते हेच.

कोकणात आणि गोव्यात याला मुठेल, भिरंडेल म्हणतात. आमसुलं करताना सालं वाळत पडतात आणि बिया उरतात. त्या वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळतात, वर आलेली चरबी काढून हातात दाबून तिचे लांबट गोळे वळतात. बीच्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा तेल मिळतं. गावठी गोळा पांढराफेक नसतो, किंचित पिवळट-करडा असतो. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, पण गोळा घ्यायचा तर ओळखीच्या माणसाकडूनच किंवा मालवण-सावंतवाडीकडे जाणं झालं तर तिथल्या बाजारातून.

रात्री पाय कोमट पाण्यात भिजवा, वजरीने हलक्या हाताने घासा, पुसून पूर्ण कोरडे करा. गोळ्याचा हरभऱ्याएवढा तुकडा जुन्या चमच्यात घेऊन गॅसवर धरला की क्षणात पाण्यासारखा होतो. सोसवेल इतका निवला की भेगेत सोडायचा आणि मोजे घालायचे. ज्यांना मधुमेहामुळे पायाला बधिरता आहे त्यांनी वजरी, गरम पाणी आणि गरम तेल तिन्ही टाळावीत. चटका बसलेला त्यांना कळत नाही. त्यांच्या भेगा डॉक्टरांनीच पाहाव्यात. आणि बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या म्हणजे बुरशी. तिथे कोकम तेल लावून ओल कोंडली तर त्या वाढतील.

प्रामाणिकपणे सांगायचं तर कातडीतलं पाणी अडवण्यात साधी पेट्रोलियम जेली या दोघांच्याही पुढे आहे, आणि कुठल्याही दुकानात मिळते. तिचा चिकटपणा चालत असेल तर कोकमाचा शोध घेत बसू नका.

खोबरेल जिंकतं ते बाकी अंगावर. फिलिपिन्समधल्या २०१४च्या अभ्यासात एक्झिमा असलेल्या मुलांना खनिज तेलापेक्षा खोबरेलाने जास्त आराम पडला. बाळाच्या मालिशसाठी हल्ली ऑलिव्ह तेलाच्या महागड्या बाटल्या भेट येतात. २०१३च्या एका ब्रिटिश अभ्यासात मोठ्या माणसांच्या हातावर ते लावून पाहिलं, तर त्वचेचं संरक्षक आवरण उलट कमकुवत झालं. बाटली स्वयंपाकघरात न्या, कोशिंबिरीवर चांगलं लागतं.

केसांनाही खोबरेलच, ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. केस नव्याने उगवतात वगैरे जाहिरातीतलं आहे.

चेहऱ्यावर मध-लिंबू, भाजल्यावर मध

नुसता मध चेहऱ्याला लावून दहा मिनिटांनी धुतलात तर बहुतेकांना काही बिघडत नाही, फार काही घडतही नाही. लिंबू मात्र नको. त्याचा रस कातडीपेक्षा कितीतरी आम्लधर्मी असतो, आणि लिंबाच्या सालीच्या तेलातली काही द्रव्यं उन्हात गेल्यावर कातडी भाजवतात. फोड येतात, मग काळे डाग पडतात, ते महिनोन्महिने जात नाहीत. गोरं व्हायला लावलेल्या लेपाने डाग पडलेले चेहरे त्वचारोगतज्ज्ञांकडे येतच असतात. संत्र्या-लिंबाच्या सालींची तेलंही उन्हात जाण्याआधी लावू नयेत.

भाजल्यावर मध लावतात. रुग्णालयात जखमेवर वापरतात तो मध निर्जंतुक केलेला असतो, आपल्या बरणीतला नसतो. हात भाजला तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको.