बारालाचाच्या चढावरची १४,२०० रुपयांची क्लचप्लेट

लिहू की नको यात तीन आठवडे गेले, कारण लाज वाटते. अठरा वर्षं बुलेट चालवतोय, कार्बोरेटर घरी उघडून साफ करतो, आणि तरी मनाली-लेह रस्त्यावर एकाने मला १४,२०० रुपयांना टोपी घातली. हिशोब आधीच देतो: पिकअपचं भाडं ५,०००, क्लचप्लेटचा सेट ४,८००, ऑइल १,९००, मजुरी २,५००. सगळे रोख. दारचा गावाच्या पुढे रेंज गेली की यूपीआय विसरा, आणि खिशात रोकड असणार हे तिथल्या असल्या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

बारालाचा खिंडीच्या चढावर, सूरजताल तलावाच्या अलीकडे गाडीने दम टाकला. पहिल्या गिअरवरही ओढेना, सायलेन्सरमधून काळा धूर. १६,००० फुटांवर हवा विरळ, पण कार्बोरेटर पेट्रोल सोडणार नाशिकच्याच हिशोबाने. मग प्लग काजळणारच. हे मला माहीत होतं! पण तासाभरापूर्वी नाल्यातून हाफ क्लचवर गाडी काढली होती, तो जळका वास डोक्यात बसला होता. त्यात सकाळपासून दोन उलट्या, डोकं ठणकतंय, मित्र पुढे निघून गेलेला. ‘तू तिथे असा कसा फसलास’ म्हणणाऱ्यांनी त्या उंचीवर एकदा बुलेट ढकलून बघावी.

दहा मिनिटांत रिकामी पिकअप आली. योगायोग बघा! ड्रायव्हरने वास घेतल्यासारखं केलं, म्हणाला, “भाईसाब, क्लचप्लेट गई. सरचू के पास अपना मेकॅनिक है.” क्लचप्लेट गेली की इंजिन नुसतं भणाणतं आणि गाडी जागची हलत नाही. माझं इंजिन भणाणत नव्हतं, गुदमरत होतं. एवढा फरक आमच्या गल्लीतलं पोरगंही सांगेल. मी मान डोलावली. तुम्ही आधी प्लग काढून बघा, मग कोणाशीही बोला.

मेकॅनिकने मला तंबूत चहा प्यायला पाठवलं. गेलो. (गाडी उघडताना चहा प्यायला जायचं नाही. हगवण लागली तरी नाही.) अर्ध्या तासाने त्याने पाच काळ्या प्लेटा हातावर ठेवल्या. “देखो, सब जल गया.”

इथेच कळायला हवं होतं. त्या प्लेटा कोरड्या होत्या. बुलेटचा क्लच तेलात बुडालेला असतो. बाहेर काढलेली प्लेट ठिबकते, बोटं काळी-चिकट होतात. माझ्या बोटांना लागली ती धूळ. गाडीखाली तेलाचा डाग नाही, काढलेलं ऑइल कुठल्या डबड्यात दिसत नाही. मी त्या प्लेटा उलटसुलट केल्या, ‘हो, जळल्यात’ म्हणालो आणि पैसे मोजले. गाडी सुरू झाली, कारण सरचू बारालाचा खिंडीपेक्षा दोनेक हजार फूट खाली आहे आणि त्या चोराने गुपचूप प्लग साफ केला असणार. पुढे गाटा लूप्सच्या एकवीस वळणांवर तीच रड पुन्हा.

लेहमध्ये एका म्हाताऱ्या उस्तादाने एअर फिल्टर झटकला, प्लग बदलला, ३५० रुपये घेतले. क्लच उघडलेलाच नव्हता. निघताना आमच्या गॅरेजवाल्या काकांनी कव्हरच्या प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ मारली होती. एकही रेघ तुटलेली नव्हती. तुम्हीही मारून घ्या, नेलपॉलिशही चालतं. त्या प्लेटा बघून तर उस्ताद हसलाच: “ये तो बुलेट की है ही नहीं.”

मग तक्रार. एका ठाण्यात म्हणाले, पैसे हद्दीपलीकडे दिले, तिकडे जा. तिकडे फोन केला, तर पिकअप कुठून भरली तिथलं ठाणं बघा. सरचू हिमाचल-लडाखच्या सीमेवर, त्यामुळे ही टोलवाटोलवी त्यांना आयतीच सापडते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवायचा, असं स्पष्ट आहे, मी तसं म्हणालो तर हवालदाराने विचारलं, “वकील हो?” बिल आहे? नाही. दुकानाचं नाव? तंबूला नाव नसतं साहेब. पिकअपचा नंबर? घेतला नाही, ही माझी चूक, मान्य. तुम्ही गाडी चढवण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढा आणि भाडं ठरवा. ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं होल्ड, मग कळलं की रोखीचा व्यवहार त्यांच्याकडे येत नाही. घरी येऊन इथल्या ठाण्यात गेलो, तर तिथल्या साहेबांनी प्लेटा टेबलावर वाजवून बघितल्या आणि म्हणाले, “सामान तर मिळालंय ना तुम्हाला?”