रिक्षापाशी शाईचा पॅड घेऊन आला

अर्धांगवायूने माझ्या नवऱ्याची, यांची, उजवी बाजू गेली. यूडीआयडी कार्डाच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, अर्जासाठी कळव्याहून यांना रिक्षाने गोखले रोडजवळच्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रात नेलं. तीन पायऱ्या, रॅम्प नाही. माझा धीरच सुटला. पण तिथला मुलगा शाईचा पॅड घेऊन खाली आला. यांची सही किती वळणदार होती! डावा अंगठा टेकवताना यांनी मान फिरवली. त्या मुलाने घाई केली नाही, "काका, झालं हं," म्हणत ओल्या फडक्याने अंगठा पुसून दिला.

सरकारी फी नसते. भरणावळीचे दीडशे घेतले, पावतीसह. कागद चाळताना त्यानेच विचारलं, "काकू, तुम्ही नोकरी करता ना?" आणि सांगितलं, की आयकराच्या जुन्या करपद्धतीत अवलंबून असलेल्या दिव्यांग नवऱ्यासाठी १९६१च्या आयकर कायद्याच्या ८०डीडी कलमाखाली ४० टक्के अपंगत्वापासून ७५,००० रुपयांची, ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. तीही ठरावीक, खर्च कितीही होवो. दोन वर्षं मी औषधांची बिलंच जपत होते. ऑफिसात कुणी बोललं नाही.

रॅम्प मात्र त्यांनी करायलाच हवा. सकाळी ११च्या आत जा, नंतर रिक्षा उभी करायला जागा मिळत नाही.