क्यूसी फेल झालं: आधी लायनर बदलायचा की सोर्स साफ करायचा?

नंदुरबारची मिरची असो नाहीतर रावेरची केळी, फवारणीच्या औषधांचे अंश तपासायला जीसी-एमएसवर (घटक वेगळे करून त्यांच्या मासवरून ओळखणाऱ्या यंत्रावर) सिझनभर सॅम्पल चालले की मधलं क्यूसी (प्रमाण आधीच माहीत असलेलं तपासणीचं इंजेक्शन) कधीतरी फेल जातंच, अपेक्षित आकड्याच्या ±20 टक्क्यांत बसणारं कंपाउंड एकदम खाली येतं आणि मग लॅबमध्ये एक म्हणतो लायनर (सॅम्पल जिथे सोडतात त्या गरम इनलेटमधली काचेची नळी) बदला, दुसरा म्हणतो सोर्स (एमएसमधला रेणूंचे आयन करणारा भाग) काढा. माझं मत आधी लायनर, पण पडलं काय ते बघून.

लायनरचं काम सोपं आहे. ओव्हन आणि इनलेट थंड करा, लायनर आणि सेप्टम (सुई जिच्यातून जाते ती रबरी चकती) बदला, कॉलम (घटक वेगळे करणारी लांब बारीक नळी) पुढून 10-20 सेंमी कापा, लीक बघा, की झालं. मिरचीचा रंग आणि तेलकटपणा आधी तिथेच साचतो. खूण अशी, की अ‍ॅसिफेट, डायमेथोएट या लायनरला चिकटणाऱ्या कीटकनाशकांच्या पीकला शेपूट येतं, एरिया पडतो, पण त्याच स्टँडर्डमधल्या (माहीत प्रमाणाच्या द्रावणातल्या) न चिकटणाऱ्या हेक्झाक्लोरोबेंझिनचा एरिया हलत नाही. खात्री करायला डीडीटी इंजेक्ट करून बघा, घाण इनलेटमध्ये ते डीडीई-डीडीडीत किती तुटतंय ते कळतं, अमेरिकेच्या ईपीए (पर्यावरण संस्था) 8270 पद्धतीत याची मर्यादा 20 टक्के आहे. दोन गोष्टी मात्र विसरू नका. कॉलम कापला की रिटेन्शन टाइम (कंपाउंड बाहेर यायची वेळ) अलीकडे सरकतो म्हणून सिमच्या (ठरावीक मासच मोजायच्या पद्धतीच्या) वेळेच्या खिडक्या परत लावाव्या लागतात, आणि कोऱ्या लायनरवर मॅट्रिक्सची (मिरची-केळीच्या अर्काची) दोन-चार इंजेक्शनं गेल्याशिवाय रिस्पॉन्स स्थिर होत नाही, तोवर क्यूसी मारू नका.

सोर्सचं काम मोठं. व्हेंट करा (व्हॅक्युम सोडा), थंड होऊ द्या, अ‍ॅल्युमिनाच्या पेस्टने पार्ट घासा, सॉल्व्हंटमध्ये सोनिकेट करा, वाळवून बसवा, परत व्हॅक्युम घ्या, ट्यून (मास आणि सिग्नल जुळवून घेणं) बहुतेक दुसऱ्याच दिवशी, आणि मे महिन्यात जळगावच्या उन्हात मध्येच लाईट गेली नि यूपीएसने दगा दिला तर पंप-डाउन पहिल्यापासून. ते तेव्हाच करायचं, जेव्हा इंटर्नल स्टँडर्डसकट (प्रत्येक इंजेक्शनमध्ये सारखंच टाकलेल्या कंपाउंडसकट) सगळंच खाली येतं, मल्टिप्लायरचा (डिटेक्टरचा) व्होल्टेज दर ट्यूनला वर चढत जातो आणि पीएफटीबीए या ट्यूनच्या द्रव्याचा 502 मास लंगडा होतो. तरी उघडण्याआधी सिरिंज तपासा, कारण इंजेक्शनच कमी जात असेल तरी सगळे एरिया एकदम पडतात, आणि 18, 28, 32 मास (पाणी, नायट्रोजन, ऑक्सिजन) बघा, 28 आणि 32 दोन्ही वाढून साधारण चारास एक दिसले तर ती हवा आहे, तिथे घासून काही उपयोग नाही, कॉलमच्या जोडावरची फेरूल (सील करणारी कडी) बघा.

आणि सीसीव्ही (मध्ये मध्ये मारलेलं स्टँडर्ड) पास, फक्त स्पाइक (औषध मुद्दाम मिसळून एक्स्ट्रॅक्ट केलेलं सॅम्पल) फेल असेल तर मशीनला हातच लावू नका, दोष बहुतेक एक्स्ट्रॅक्शनमध्ये असतो. मिरचीचा रंग काढायला जीसीबी (रंग शोषणारी कार्बनची पूड) जास्त टाकली की ती हेक्झाक्लोरोबेंझिन, क्लोरोथॅलोनिलसारखे चपटे रेणूही ओढून घेते, म्हणून वरची हेक्झाक्लोरोबेंझिनची खूण स्टँडर्डवर बघायची, स्पाइकवर नाही.

मशीन दुरुस्त करून क्यूसी पास झालं तरी शेवटच्या पास क्यूसीनंतर लावलेली सगळी सॅम्पल परत इंजेक्ट करा, त्यातली आधीची रिझल्ट-शीट शेतकऱ्याला किंवा एक्सपोर्टरला देऊ नका.