आरएनए-लेटर: द्रव नायट्रोजन नसेल तिथे कामाचं, पण तुकडा पातळ हवा

टिश्यू द्रव नायट्रोजनात लगेच गोठवता येत नसेल, तर त्यातला आरएनए टिकवण्यासाठी सगळ्यात रुळलेलं द्रावण म्हणजे आरएनए-लेटर. आत गूढ काही नाही: जवळजवळ संपृक्त अमोनियम सल्फेट, थोडं सोडियम सायट्रेट, ईडीटीए (मॅग्नेशियमसारखे धातू पकडून ठेवणारं रसायन), आणि पीएच ५.२.

डीएनएचे एवढे लाड करावे लागत नाहीत. आरएनएच्या साखरेवर २' जागी एक हायड्रॉक्सिल जास्तीचा असतो. तो शेजारच्याच फॉस्फेटवर चाल करून साखळी तोडतो. अल्कली असेल, किंवा मॅग्नेशियमला उष्णतेची जोड मिळाली, तर झपाट्याने. पीएच खाली आणि ईडीटीए आत ते यासाठीच. आरएनएझ ए-ला (आरएनए तोडणारं एन्झाइम) मात्र धातू लागतच नाही आणि ऑटोक्लेव्हलाही ते दाद देत नाही. ते आवरतं मिठाच्या, म्हणजे अमोनियम सल्फेटच्या, माऱ्याने.

तुकडा निदान एका बाजूने ०.५ सेंमीपेक्षा पातळ कापा, द्रावण पाचपट घ्या: १०० मिग्रॅ लिव्हरला ०.५ मिली. रात्रभर ४ अंशांवर मुरू द्या, मग द्रावण निथळून -८० ला टाका. ३७ अंशांवर एक दिवस, २५ वर आठवडा, ४ वर महिना निभतो. नागपुरात मे महिन्यातलं ‘रूम टेम्परेचर’ म्हणजे २५ नव्हे, एवढं ध्यानात असू द्या.

बहुतेक तक्रारी जाड तुकड्याच्या असतात: कडेचा आरएनए शाबूत, मधला गेलेला. आधीच गोठवलेला टिश्यू यात वितळवू नका. बर्फाने पेशी फुटलेल्या असतात, मीठ पोचेपर्यंत आरएनएझ काम उरकतं. रक्ताला हे चालत नाही, प्रथिनांचा साका होतो. मेणचट पानांत ते शिरत नाही. सुट्या पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसत नसतील तर तेवढंच थंड पीबीएस (फॉस्फेटचं खारं बफर) घालून पुन्हा फिरवा. ट्रायझॉलमध्ये (आरएनए वेगळा काढायचं द्रावण) टाकण्यापूर्वी तुकडा टिपून घ्या, नाहीतर मिठाने थर उलटेपालटे होतात.

सिक्वेन्सिंगमध्ये नवी म्युटेशन्स दिसली तर खापर यावर फोडू नका. आरएनएवरून डीएनए प्रत काढणाऱ्या रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज एन्झाइमला प्रूफरीडिंग (स्वतःची चूक दुरुस्त करणं) नसतं, चुका तिथे शिरतात. आरएनए विषाणूंमध्ये मुळातच पेशीच्या दर संसर्गाला, दर न्यूक्लिओटाइडमागे १०⁻⁶ ते १०⁻⁴ बदल होतात; डीएनए विषाणूंमध्ये १०⁻⁸ ते १०⁻⁶. शिवाय हे द्रावण विषाणू मारेल याची खात्री नाही, हातमोजे काढू नका.

किंमत खटकत असेल तर घरचं करा: ९३५ मिली पाण्यात ४० मिली ०.५ मोलर ईडीटीए, २५ मिली १ मोलर सोडियम सायट्रेट, ७०० ग्रॅम अमोनियम सल्फेट. मंद आचेवर ढवळून विरघळवा, थंड झाल्यावर सल्फ्युरिक आम्लाने पीएच ५.२ करा. फ्रिजमध्ये खडे धरले तर ३७ अंशांवर तापवून हलवा.